कंबरेचं दुखणं हेरून घातलेला गंडा

लाँगआर्म म्हणजे क्विल्टचे, अर्थात गोधडीसारख्या पांघरुणाचे, थर एकत्र शिवायचं मोठं मशीन. ते सेकंडहँड शोधणाऱ्या बायांसाठी हे लिहितेय. त्यातही कंबर, मान किंवा खांदे साथ देईनासे झाले म्हणून शोधणाऱ्यांनी जरूर वाचा. माझे ६,७५० डॉलर गेले. पैसे परत येतील असं आता मला वाटत नाही. पण ज्या रीतीने ते काढून घेतले ती रीत अजून चालू आहे, आणि ती नेमकी आमच्यासारख्या दुखणेकऱ्यांसाठी बेतलेली आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे अमेरिकेत क्विल्ट करणाऱ्या पुष्कळ जणी वरचा तुकड्यातुकड्यांचा थर घरी शिवतात, पण वरचा थर, मधलं बॅटिंग (म्हणजे उबेसाठीचा जाड थर) आणि खालचं अस्तर एकत्र शिवून घ्यायला दुसरीकडे देतात. ते काम मी ओहायोतल्या आमच्या घराच्या तळघरात करते. बारा फुटांची फ्रेम, तिच्या रुळांवर सरकणारं मशीन. कापड ताणून स्थिर ठेवायचं आणि मशीन हातांनी फिरवायचं. माझी आजी जमिनीवर वाकळ पसरून, तिच्यावरच बसून धावदोरा घालायची. इथे मात्र सगळं उभ्याने. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी घालायची असेल तर चौरस इंचाला साधारण दोन ते तीन सेंट मिळतात. ९० बाय १०० इंचांचा क्विल्ट अडीच सेंटने केला तर २२५ डॉलर होतात. त्यातून दोरा, सुया, वीज आणि मशीनची निगा वजा करायची.

माझं मशीन जुनं, हाताने चालवायचं. नक्षीचा कागदी पट्टा मागच्या टेबलावर पसरायचा आणि लेझरचा लाल ठिपका त्या रेषेवरून न्यायचा. ठिपक्यावर नजर म्हणजे मान खाली, आणि हँडल धरून बाजूबाजूने सरकत राहायचं. खालच्या दोऱ्याचा ताण बघायला वाकून क्विल्टच्या पोटाखाली डोकं घालायचं. अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्तीचं घेऊन फ्रेमवर पिनांनी लावताना पुन्हा वाकायचं. माझ्या कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकलेली आहे. वाईट दिवशी कळ डाव्या पायाच्या पोटरीपर्यंत जाते, आणि मग रात्री कुशीवर वळताही येत नाही.

फिजिओथेरपिस्टने तळघरात येऊन बघितलं आणि बऱ्याच गोष्टी बदलायला लावल्या. हँडल कोपराच्या उंचीला येईल इतकी फ्रेम वर घेतली. पायाखाली जाड रबरी चटई टाकली. एक पाय आलटून पालटून ठेवायला ठेंगणा पाट आणला, आणि अर्ध्या तासाचा गजर लावला. खालची शिवण बघायला लांब दांड्याचा आरसा आणि विजेरी ठेवली. अस्तराला आता पिनांऐवजी चेन लावते. ती बसून लावता येते आणि फ्रेमवर नुसती ओढून घेतली की झालं. या सगळ्याने खरंच फरक पडला. कंबर धरून काम करणाऱ्या कुणालाही मी हे आधी करायला सांगेन, कारण यातलं बहुतेक थोड्या पैशांत होतं.

तरी उभं राहण्याचे तास कमी करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर उपाय एकच, संगणकाने चालणारं मशीन. नक्षी निवडायची, क्विल्ट लावायचा, जागा मोजून द्यायची, की मशीन आपोआप शिवतं. आपण शेजारी खुर्चीवर बसून दोरा तुटतोय का एवढं बघायचं. नवीन घ्यायचं तर चांगल्या प्रतीच्या मशीनला फ्रेम आणि संगणकासह ३०,००० डॉलरच्या वर सहज जातात. म्हणून सेकंडहँड. समाजमाध्यमावरच्या खरेदी-विक्रीच्या एका गटात मी माझी अडचण मोकळेपणाने मांडली होती, कंबरेचं आणि बजेटचं दोन्ही.

दुसऱ्याच दिवशी एका बाईचा खासगी निरोप आला. ती केंटकीत पडूकाजवळ राहते म्हणाली. क्विल्टवाल्यांना पडूका सांगावं लागत नाही. राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय तिथे आहे, दर वसंतात मोठं प्रदर्शन भरतं, त्यामुळे तिथल्या एखाद्या घरात असं मशीन असणं अगदी साहजिक वाटतं. तिची आई वारली होती. आईलाही कंबरेचा त्रास होता, आणि या संगणकामुळे ती शेवटपर्यंत काम करू शकली. ‘हे मशीन अशाच कुणाकडे जावं असं आईला वाटलं असतं,’ हे तिचं वाक्य. किंमत १३,५०० डॉलर. फोटो उत्तम होते, फ्रेमचे, पडद्याचे, अर्धवट शिवलेल्या क्विल्टचे.

इथे थांबून एक सांगते. मृत आईचं मशीन मुलीने विकणं ही आमच्या धंद्यात रोजची गोष्ट आहे. क्विल्ट करणाऱ्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या आहेत. मुलांना मशीन नको असतं, घर रिकामं करायचं असतं, आणि किंमतही खरोखर कमी लावली जाते. त्यामुळे ‘इतकं स्वस्त म्हणजे खोटंच’ हा नियम इथे लागू पडत नाही. फसवणाऱ्याला हे माहीत होतं. खऱ्या व्यवहाराची रीत त्याने बारकाईने पाहिली होती, आणि वर माझं दुखणं त्याला माझ्याच लिहिण्यातून मिळालं होतं. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. पैसा पुन्हा मिळवता येतो. पण एखाद्याच्या वेदनेवर प्रेमाने हात फिरवत त्याच वेळी त्याचा खिसा कापायचा, याला मी नीचपणाच म्हणते.

पुढचं सगळं ठरलेल्या पायऱ्यांनी झालं. आणखी दोघी मशीन मागतायत, तेव्हा २,००० डॉलर देऊन नाव पक्कं करा. हे झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायच्या इथल्या सेवेने गेले. मग ४,७५० डॉलर वायरने, म्हणजे बँकेकडून थेट त्यांच्या खात्यात. निम्मी रक्कम पुरी, आणि उरलेली निम्मी मशीन घरी पोचल्यावर. निम्मे पैसे नंतर द्यायचे आहेत या विचाराने माणूस निर्धास्त होतो, पण पहिले निम्मे हीच त्यांची पूर्ण कमाई असते. मी बघायला येते म्हटल्यावर घराला वाळवीचा धूर दिलाय, मशीन आधीच खोक्यात बंद करून वाहतूकवाल्यांकडे दिलंय, असं उत्तर आलं. वाहतूक कंपनीचं संकेतस्थळ होतं, मागोवा घ्यायचा क्रमांक होता. नकाशावर माझं मशीन इंडियानापर्यंत आलेलंही दिसलं.

तिथे ते अडकलं. विम्याचे १,९०० डॉलर भरा, पोचल्यावर परत मिळतील, असा वाहतूक कंपनीचा ईमेल आला. मी मशीनच्या अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो मागितला. फोटो आला तो पुसट, शेवटचे आकडे कापलेले. दिसत होते तेवढे आकडे आणि फोटो घेऊन मी त्या ब्रँडच्या विक्रेत्यांना फोन लावत गेले. दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्या बाईंनी फोटो लगेच ओळखले. त्यांच्याच दुकानात काढलेले होते, जुन्या जाहिरातीतले. ते मशीन त्यांनी केव्हाच विकलं होतं, आणि ज्यांनी घेतलं त्या त्यावर रोज काम करत होत्या. पडूकाची बाई, तिची आई, वाळवी, सगळं रचलेलं.

बँकेने वायर परत मागवण्याची विनंती पाठवली, पण तोवर समोरचं खातं रिकामं झालं होतं. झेलचे पैसे मी स्वतः पाठवले असल्यामुळे त्यांचाही विषय संपला. १९७८च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याचं संरक्षण मुख्यतः आपल्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना आहे. आपल्याला भुलवून आपल्याच हातून पाठवून घेतलेले पैसे सहसा त्यात बसत नाहीत. क्रेडिट कार्डाचं तसं नाही. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याप्रमाणे माल आलाच नाही तर बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी वाद घालता येतो. म्हणूनच ही माणसं कार्ड घेत नाहीत. ‘कार्डाचे पैसे कापले जातात, तेवढे तुमचेच वाचवतेय,’ असं ती पडूकाची बाई म्हणाली होती.

तक्रार लगेच करा. लाज वाटून दिवस घालवू नका. आधी बँक, मग एफबीआयचं इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र, म्हणजे आयसीथ्री, मग ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं फेडरल ट्रेड कमिशन, आणि गावातले पोलीस. वायर गेलेली असेल तर पहिले दोन-तीन दिवसच काही हाती लागायची शक्यता असते. पोलिसांच्या नोंदीची प्रत जपून ठेवा. मशीन धंद्यासाठी घेत असाल तर कर भरताना चोरीचं नुकसान फॉर्म ४६८४ वर दाखवता येतं का, हे हिशेबनिसाला विचारा. मला हे पोलीस ठाण्यातल्या एका बाईंनी सुचवलं, बँकेने नाही.

आणि यानंतर दुसरी टोळी येते. झालेला प्रकार मी त्याच गटात लिहिला, तर संध्याकाळपर्यंत तीन-चार जणांचे निरोप. कुणी ‘सायबर तपासनीस’, कुणी वकील, कुणाच्या नावापुढे सरकारी वाटेल असं चिन्ह. तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला अमुक शुल्क आधी भरा. आधी पैसे मागून पैसे परत मिळवून देणारा प्रत्येक माणूस चोर समजा. खरं सरकारी खातं असं शुल्क मागत नाही. ज्यांचं नुकतंच गेलेलं असतं ते पुन्हा एकदा आशेने देतात, आणि हे त्यावरच जगतात.

आता मी कुणालाही मशीन घेताना काय सांगते ते लिहिते. पैसे हलण्यापूर्वी अनुक्रमांकाचा पूर्ण, स्पष्ट फोटो घ्या आणि ब्रँडच्या कंपनीला किंवा विक्रेत्याला फोन करा. मूळ मालक कोण, वॉरंटी उरली आहे का, संगणक प्रणालीची नोंद नव्या मालकाच्या नावावर करायला काय लागतं, हे त्यांच्याकडून कळतं. खरा विकणारा या फोनला कधीच हरकत घेत नाही. मग व्हिडिओ कॉल, आणि कॉलवर मशीन सुरू करून कापडाच्या तुकड्यावर तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख शिवून दाखवायला सांगा. आधी घेतलेला व्हिडिओ इथे कामाला येत नाही. बहुतेक नव्या मशीनच्या पडद्यावर आजवरच्या एकूण टाक्यांचा आकडा असतो, तोही दाखवायला सांगा. गाडीचा मीटर बघितल्याशिवाय आपण जुनी गाडी घेत नाही, तसंच हे.

वाहतूक कंपनीचा यूएसडॉट क्रमांक, म्हणजे तिचा सरकारी नोंदणी क्रमांक, केंद्र सरकारच्या एफएमसीएसए या ट्रक वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. माझ्या ‘कंपनी’ने दिलेला क्रमांक दुसऱ्याच एका ट्रकवाल्याचा निघाला, आणि तिचं संकेतस्थळ जेमतेम काही आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं. खरं तर लाँगआर्म असं परस्पर खोक्यात घालून कुणी पाठवलं तर तेच खटकायला हवं. घेणारा बहुधा स्वतः जातो, कारण फ्रेम कशी सुटते हे डोळ्यांनी बघितलं नाही तर घरी उभी करता येत नाही. नाहीतर विक्रेत्याचा माणूस पैसे घेऊन हलवतो आणि बसवूनही देतो. मशीन समोर शिवताना बघायचं आणि तिथेच बँकेचा चेक द्यायचा. दूर आहे, कंबर प्रवास सोसत नाही, म्हणून हे टाळू नका. स्वतःला जमत नसेल तर तिथल्या क्विल्ट गिल्डला, म्हणजे क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळाला, फोन करा. जवळपास प्रत्येक गावात एखादं असतं, आणि कुणीतरी जाऊन बघून येतं.

पुण्यात माझी नणंद गोधड्या शिवून विकते. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिने तिच्याकडचा प्रकार सांगितला. सैन्यातला अधिकारी म्हणून फोन, पन्नास गोधड्यांची ऑर्डर, भाव न करता मान्य, आणि आगाऊ रक्कम ‘स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. तिने फोन ठेवला. भारतात असं घडलं तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा.

मी अजून जुन्याच मशीनवर काम करतेय. कामं कमी घेते, आणि मोठे क्विल्ट दोन दिवसांत वाटून करते. मध्यंतरी त्याच विक्रेत्या बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांच्याकडे एक जुनं संगणकवालं मशीन येणार आहे, आधी येऊन हात लावून बघा. पुढच्या महिन्यात जाणार आहे.

ओहायो, इंडियाना किंवा केंटकीच्या उत्तर भागात कुणाला मशीन बघायला जायचं असेल आणि सोबत हवी असेल, तर मला सांगा. मी येईन, अनुक्रमांक तपासून देईन, शिवून बघेन. फक्त वाटेत तासातासाला गाडी थांबवून मला पाच मिनिटं चालू द्यावं लागेल.