मंदीत माणसं काढायची की तास कमी करायचे?
मंदी आली की कंपन्यांपुढे दोन रस्ते, माणसं काढा नाहीतर सगळ्यांचे तास कमी करा. २००८-०९ च्या मंदीत अमेरिकेत पहिलाच चालला, ऑक्टोबर २००९ ला बेकारी १० टक्क्यांवर गेली आणि त्याच वर्षी सरकारी पैशावर वाचलेल्या एआयजी या विमा कंपनीने १६.५ कोटी डॉलर बोनस वाटला, हा निव्वळ हावरटपणा आहे! त्याच मंदीत जर्मनीत तास कमी केले, बुडालेल्या पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७, बेकारी विम्यातून मिळाले, म्हणून जीडीपी ५ टक्क्यांच्या आसपास पडूनही बेकारी फारशी वाढलीच नाही. धंदाच कायमचा बसला असेल तर हे चालत नाही, मान्य. पण ऑर्डरी परत आल्या की अनुभवी माणूस मशीनवर हजर असतो, लेऑफवाले तेव्हा भरती आणि ट्रेनिंगच करत बसतात. मला तरी दुसराच रस्ता पटतो.