गोव्यात ईव्ही घेताय? एलएफपी की एनएमसी, घरचा प्लग की डीसी

चवथीला सगळे घरी जमले की हल्ली विषय एकच, इलेक्ट्रिक घेऊ का, आणि लगेच कोणीतरी म्हणतंच की बॅटरी पाच वर्षांत बसते. तसं नाही हो, बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी देतात. फक्त कुठली बॅटरी आणि रात्री गाडी उभी कुठे करता, हे आधी बघा.

माझी गाडी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीची, फोंड्यात स्वतःचं घर. मावसभावाची एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), पर्वरीत फ्लॅट. टियागो, नेक्सॉन, कॉमेट या एलएफपीवाल्या, क्रेटा इलेक्ट्रिक एनएमसीवाली. तेवढ्याच वजनात एनएमसीत वीज जास्त मावते, पण ती १००% वर तासन् तास उभी ठेवली की लवकर झिजते, म्हणून रोजचं चार्जिंग ८०% पर्यंतच करायचं आणि लांब जायचं असेल तेव्हाच निघायच्या जरा आधी फुल. एलएफपी ते बऱ्यापैकी सहन करते, चार्ज-डिस्चार्जच्या सायकलही जास्त काढते, उलट तिला अधूनमधून फुल करावंच लागतं कारण तिचं व्होल्टेज मधे जवळपास सपाट असतं आणि किती चार्ज उरलाय ते गाडीला नीट कळत नाही. मी शहाणपणा करून दोन महिने ८० च्या वर गेलोच नाही, तर चोर्ला घाट चढताना चार्जचा आकडा २३% वरून एकदम १२%, बायकोने जे बघितलं माझ्याकडे! त्यानंतर दर रविवारी १००, परत तसं झालं नाही.

आता प्लगचं. घरच्या १५ अँपिअरवर साधारण ३ किलोवॅट मिळतात, फोंडा-पणजी जाऊन-येऊन ६० किमीला आठ-नऊ युनिट, म्हणजे तीन तासांत काम झालं, पावसात मधेच लाईट गेली तरी सकाळपर्यंत होतंच. फक्त जुनं घर असेल तर अर्थिंग बघा. आमच्या चार्जरचा लाल दिवा काही केल्या जाईना, शेवटी इलेक्ट्रिशियनने तुळशीमागे खड्डा खणून मीठ-कोळसा घातला तेव्हा कुठे हिरवा लागला.

भावाच्या सोसायटीत प्लग नाही, त्यामुळे आठवड्याला दोनदा डीसी, म्हणजे बाहेरचा फास्ट चार्जर. युनिटला घरच्यापेक्षा कितीतरी पट पैसे, शिवाय ८० नंतर स्पीड एवढा पडतो की उगाच बसून राहायचं. डीसीने बॅटरी मरते असं नाही, पण सेल तापतात आणि झीज थोडी जास्त होते, त्यामुळे घाटातून तापून आलेली गाडी लगेच लावू नका, वीसेक मिनिटं सावलीत राहू दे. आणि मे महिन्यात फुल चार्ज करून दिवसभर उन्हात? दोन्हींना वाईट, एनएमसीला जास्त. पंधरा दिवस गावाला चाललात तर ५०-६० वर ठेवा आणि जा.

घरी प्लग असेल तर मी डोळे मिटून एलएफपी म्हणेन. फ्लॅटवाल्यांनी आधी प्लगचं बघा मग गाडीचं, कारण सगळंच डीसीवर चालवायचं म्हटलं तर खर्चातली मजाच जाते, आणि तरीही घ्यायचीच असेल तर थोडी मोठी बॅटरी घ्या म्हणजे फेऱ्या कमी. भाऊ आता गाडी बदलायच्या विचारात आहे, पण त्याच्या सोसायटीचा प्लगचा ठराव गेल्या रविवारी कोरम नाही म्हणून परत पुढे ढकलला.