तेरा वर्षांच्या स्विफ्टमध्ये सीटखालचा सबवूफर: पाडवा ते दिवाळी

गाडीत बसलं की बाबांना भजनं लागतात. सातारा-पुणे आमचं महिन्यातून दोन-तीनदा होतं, आणि परतताना खंबाटकी घाट संपेपर्यंत गाणं बंद होत नाही. गाडी 2012 ची डिझेल स्विफ्ट, सिस्टिम कंपनीचीच. टाळ कानात टोचायचे, बुवांचा आवाज बरा यायचा, पण पखवाज अर्धाच ऐकू यायचा. शाईची बाजू टकटक वाजायची आणि धुम, म्हणजे खर्जाची डावी बाजू, गायब. धुमाला कणीक लावतात ती पुडीचं वजन वाढून नाद खाली उतरावा म्हणून. नेमका तोच नाद गाडीत पोचत नव्हता. डिझेल इंजिनाची आणि टायरची घरघर त्याच पट्ट्यात असल्यामुळे होता तोही झाकला जायचा.

हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला प्लेअर, बदलायचं नव्हतं. ते डॅशबोर्डच्या आकारातच बसवलेलं आहे आणि काढलं तर सगळा चेहरा बिघडतो. म्हणून पाडव्याला सीटखालचा आठ इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर घेतला, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा आणि ज्याच्या डब्यातच अ‍ॅम्प्लिफायर असतो तो. पण तो बसवण्याआधी एका जाणत्या मित्राने दारं उघडायला लावली, आणि आज सात-आठ महिन्यांनी सांगतो, निम्मं काम तिथेच झालं.

एक तर पुढच्या डाव्या दारातल्या स्पीकरच्या वायरी उलट्या जोडलेल्या निघाल्या. पूर्वी कधीतरी स्पीकर बदलला होता, तेव्हाची चूक. तपासायची रीत सोपी आहे. जाळी काढायची, स्पीकरच्या वायरी सोडवायच्या आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. माझा आत गेला. एक पडदा हवा ढकलतोय आणि दुसरा त्याच वेळी ओढतोय म्हटल्यावर बास उरणार कसा? वायरी बदलल्या आणि फरक तिथल्या तिथे कळला, तोही फुकट.

दुसरं म्हणजे दाराच्या आतल्या पत्र्याची मोठमोठी भोकं. स्पीकरच्या मागची हवा त्यांतून पुढे येते आणि पुढच्या आवाजाला मारते, खालच्या सुरांत सगळ्यात जास्त. ब्यूटाइल शीटने, म्हणजे चिकटणाऱ्या रबरी पट्ट्यांनी, भोकं बंद केली, बाहेरच्या पत्र्यालाही आतून पट्ट्या मारल्या. पूर्वी दार लावलं की डब्याच्या झाकणासारखा आवाज यायचा, आता धप्प येतो. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायला भोकं असतात, ती मात्र चुकूनही बुजवू नका.

मग सबवूफर. खोक्यावर 600 वॅट छापलंय, पण फ्यूज 15 अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना साधारण 14 व्होल्ट धरले तर आत जाणारी वीजच 210 वॅट होते. तेव्हा खोक्यावरचा आकडा बघून घेऊ नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी वॅट, विचारा. प्लस वायर थेट बॅटरीवरून आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींवरून हाय लेव्हल इनपुटला, म्हणजे स्पीकरचाच सिग्नल घेणाऱ्या जोडणीला, दिला, कारण कंपनीच्या युनिटला वेगळं आउटपुट नाही. डबा जमिनीला स्क्रूने ठोकायला मी साफ नकार दिला. पत्र्याखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात.

पहिल्याच आठवड्यात इंजिनाचा वेग वाढला की आवाजात बारीक शिट्टी यायला लागली. ज्या दुकानात वायरिंग करून घेतलं त्यांनी अर्थिंग रंगवलेल्या पत्र्यावरच आवळलं होतं. मी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, पुन्हा आवळलं, वर गंज लागू नये म्हणून ग्रीस लावलं. शिट्टी गेली.

मे महिन्यात चार दिवस गाडी उभी राहिली आणि स्टार्टच होईना. सिग्नल आला की आपोआप चालू होण्याची सोय सबवूफरला आहे, पण तो बंद होत नव्हता. आता रिमोट वायर, म्हणजे सबवूफरला चालू-बंद करणारी वायर, अ‍ॅक्सेसरीच्या फ्यूजवर घेतली आहे. किल्ली काढली की तोही झोपतो. तेव्हापासून तक्रार नाही.

सेटिंगला एक अख्खा रविवार गेला. मोबाइलवरून 40 हर्ट्झचा टोन लावला, बाबा तळहाताने दारांचे पॅनेल दाबत फिरले आणि कुठे खडखडतंय ते सांगत गेले. मागचं पार्सल ट्रे, सीटबेल्टचं बकल, नंबर प्लेट. सगळीकडे फोमची पट्टी. फिल्टर 80 हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्यावरचे सूर सबवूफरकडे जात नाहीत. फेजचं, म्हणजे सबवूफरच्या लाटा उलट करायचं, बटण 180 वर नेलं तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बास एकदम भरला. 80 हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटर लांब असते. डबा, दारं आणि फिल्टर यांचा मेळ कुठे बसेल ते कागदावर ठरत नाही, म्हणून ते बटण दोन्हीकडे करून बघाच. गेन, म्हणजे सबवूफरच्या जोराची खुंटी, मात्र नेहमी ऐकतो त्या आवाजावरच लावा. कंपनीच्या बऱ्याच सिस्टिम आवाज वाढवला की बास स्वतःहून कमी करतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून.

आता पखवाजाचा धुम येतो, आणि घुमत राहत नाही. थाप पडली, नाद उठला, विरला. तबल्याच्या डग्ग्यावर तळहात सरकतो तो आवाजसुद्धा कळतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांनी शिरवळच्या पुढे गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तेच भजन पुन्हा लावलं.

छाती हलवणारा ढोल-ताशा हवा असेल तर हा डबा तुमच्यासाठी नाही. त्याला डिकीत दहा-बारा इंची बंद पेटीच लागेल. 40 हर्ट्झच्या खाली हा फारसं काही देत नाही. मागे बसणाऱ्यांच्या पायांची जागाही थोडी जाते.

खर्च: शीट 3,400, सबवूफर 9,200, वायरिंग 1,900, मजुरी 1,500. पावसाळ्यात पायपुसणीखाली ओल धरते, म्हणून डब्याखाली बोटभर जाडीचे रबरी ठोकळे दिले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये डबा कोरडा राहिला. मागच्या दारांना शीट लावायचं राहिलंय. नंबर प्लेट अजून एका ठरावीक सुराला थरथरते, तिची पट्टी या रविवारी बदलणार आहे.