एमए इंग्लिश कुठून करायचं: विद्यापीठाचा विभाग, जवळचं कॉलेज की इग्नू?

आधी माझं मत सांगते, कारणं नंतर. दोन वर्षं घर सोडून पुण्या-मुंबईत राहणं पैशाने आणि घरच्यांच्या दृष्टीने जमत असेल तर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातच जा. नोकरी चालू असेल, लग्न झालंय, घरात आजारपण आहे, तर इग्नू (घरी बसून शिकता येणारं मुक्त विद्यापीठ) करा आणि ते दुय्यम असतं असं कुणाचंही ऐकून घेऊ नका. राहिलं तालुक्याचं कॉलेज, ते त्या-त्या कॉलेजवर आहे.

पदवीच्या किमतीचा घोळ आधी मिटवू. विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीने 2022 मध्येच स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या डिस्टन्स आणि ऑनलाइन पदव्या रेग्युलरच्या बरोबरीच्या धरायच्या. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट किंवा सेट परीक्षेसाठी एमएला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 50, ते पुणे विद्यापीठातून मिळवा नाहीतर घरी बसून. त्यामुळे "इग्नूचं चालत नाही" हे जे गावोगाव सांगितलं जातं ना, ते डोक्यातून काढूनच टाका. फरक आहे, पण तो सर्टिफिकेटच्या कागदात नाही.

फरक आहे तो माणसांचा. विभागात तुमच्यासोबत वीस-तीस जणं तीच कविता वाचत असतात, कुणी लातूरकडचं, कुणी ईशान्येकडचं, कुणी पुण्यातल्या इंग्लिश मीडियमचं, आणि एकाच ओळीचे चार अर्थ निघतात आणि मग सर किंवा मॅडम विचारतात की हा अर्थ तू कशावरून काढलास, कुठल्या शब्दावरून, दाखव. हे जे "दाखव" आहे ना, साहित्याचा सगळा अभ्यास तिथे आहे असं मला मनापासून वाटतं. बीएला आपण बहुतेक जण गाइड वाचून समरी आणि कॅरेक्टर स्केच लिहून पास होतो, ती सवय मोडायला समोर कुणीतरी टोकणारं लागतं. मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी तर हे जास्तच. पहिलं सेमिस्टर बरेच जण वर्गात तोंड उघडत नाहीत, इंग्रजी अडखळतं, लाज वाटते, पण सेमिनार पेपर वाचावाच लागतो, प्रेझेंटेशन द्यावंच लागतं आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तीच मुलं वाद घालायला लागतात. हा बदल घरी एकट्याने वाचून येणं फार अवघड आहे, अशक्य नाही म्हणत मी.

पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय हाताशी आहे, कमवा व शिका योजनेत काम करून शिकणारी मुलं आहेत, तेव्हा पैसे नाहीत म्हणून लगेच नाव काढून टाकू नका, आधी चौकशी करा. मुंबईत विद्यापीठाचा कलिनातला विभागही चांगला पर्याय, फक्त राहण्याचा खर्च जास्त धरा. नवीन शैक्षणिक धोरणामुळे रेग्युलर एमएत आता रिसर्च मेथडॉलॉजी, ऑन जॉब ट्रेनिंग आणि रिसर्च प्रोजेक्टही आलेत, पुढे पीएचडी डोक्यात असेल तर प्रोजेक्टची सवय कामाला येते.

आता इग्नू. त्यांचं मटेरियल खरंच उत्तम आहे, वेगवेगळ्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी लिहिलेलं, आणि त्यांच्या ई-ज्ञानकोश या वेबसाइटवर फुकट आहे, इतकं की रेग्युलरची मुलंसुद्धा परीक्षेच्या आधी तेच वाचतात. ब्रिटिश पोएट्रीत चॉसरपासून सिल्विया प्लाथपर्यंत जावं लागतं, कादंबरीच्या पेपरात मिडलमार्चसारखी जाडजूड पुस्तकं आहेत. असाइनमेंटला 30 टक्के वेटेज, लेखी परीक्षेला 70, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, आणि दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत लांबवता येतो, नोकरीवाल्यांना हा मोठाच आधार.

पण वेळेचा हिशोब नीट करा. इग्नू एक क्रेडिट म्हणजे 30 तास अभ्यास धरतं. पेपर 8 क्रेडिटचा, म्हणजे 240 तास, आणि वर्षाला असे चार पेपर घेतले तर 960 तास, म्हणजे रोज अडीच तासांच्या वर, दिवाळीतसुद्धा. ज्यांना हे जमत नाही ते असाइनमेंट नेटवरून उतरवून काढतात आणि मग दोन वर्षांनी हातात पदवी असते पण एक पान स्वतःचं लिहिता येत नाही. म्हणून इग्नू घेणाऱ्यांनी दोन-तीन जणांचा वाचनाचा ग्रुप करावाच, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि एकमेकांची उत्तरं तपासावी. तो वर्ग तुम्हाला स्वतः उभा करावा लागतो.

तालुक्याच्या कॉलेजबद्दल थोडक्यात. एमएला शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर तासाच्या हिशोबाने पैसे घेणारे, किती, लेक्चर खरंच होतात का, हे सध्या शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. एक जरी जीव लावून शिकवणारे सर असतील तर खुशाल घ्या, घरचं जेवण आणि भाड्याची बचत ही काही छोटी गोष्ट नाही. लेक्चर होतच नसतील तर मात्र इग्नू बरं, निदान मटेरियल तरी चांगलं मिळतं.

आणि एक गोष्ट कुणी विचारतच नाही, तुम्हाला साहित्य आवडतं की भाषा? उच्चार, व्याकरण, बोली यात मन रमत असेल तर एमए इंग्लिशमध्ये त्याचे एक-दोनच पेपर मिळतील. त्यापेक्षा पुण्यातच डेक्कन कॉलेजचं लिंग्विस्टिक्स (भाषाशास्त्र) बघा, मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण तिथे झालंय. इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र शिकायचं असेल तर हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ, 1958 मध्ये ते त्याच कामासाठी सुरू झालं. साहित्याच्या थिअरीची, म्हणजे समीक्षेच्या सिद्धांतांची, धास्ती असेल तर ती मात्र कुठेही गेलात तरी येणारच. आधी मराठीत वाचा, काही कमीपणा नाही त्यात, विंदा करंदीकर स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आणि ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणलंय.

नोकरीचं बघायचं तर ज्युनिअर कॉलेजला एमएसोबत बीएड लागतं, सीनिअरला नेट-सेट किंवा पीएचडी, आणि तिथेही आधी काही वर्षं तासिका तत्त्वावर काढायची तयारी ठेवा. हे तिन्ही पर्यायांना सारखंच लागू आहे.

विभागाच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म बीएच्या निकालाची वाट बघत नाहीत, शेवटच्या वर्षाला असतानाच भरा. नंबर नाही लागला तर इग्नूचं जुलै सत्र आहे, तेही हुकलं तर जानेवारीचं, वर्ष वाया जात नाही.