इलस्ट्रिस टीएनजीची विदासेवा: मुलुंडच्या घरातून पाहिलेली दीर्घिकांची वंशावळ

कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याच्या, प्रभामंडलात (गोलसर वेढ्यात) दीर्घिका कशी घडते हे शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक सर्पिल काढत आले. संगणकावर विश्वाची घडण उभी करणाऱ्या इलस्ट्रिस टीएनजी या सिम्युलेशनची सर्वांना खुली असलेली विदासेवा (डेटा पुरवणारी ऑनलाइन सेवा) वापरू लागल्यापासून ते वर्तुळ मला खोटे वाटू लागले आहे.

नोंदणीला पैसे पडत नाहीत. टीएनजी५०, १०० आणि ३०० या नावांतला आकडा म्हणजे, ढोबळमानाने, त्या आभासी विश्वाच्या घनाची मेगापार्सेकमधली बाजू (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे). टीएनजी१००चा सर्वांत सूक्ष्म आवृत्तीतला एकेक पूर्ण स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणीच्या त्या सगळ्या विश्वाची नोंद, टेराबाइटच्या पुढे जातो, त्यामुळे तो घरी उतरवण्याच्या फंदात पडू नये. मात्र एकाच प्रभामंडलाचा, हव्या तेवढ्याच राशींचा (वस्तुमान, वेग वगैरे) तुकडा कापून मागवता येतो. जुलैच्या पावसात आमच्या इमारतीचे ब्रॉडबँड तीन दिवस बंद होते, तेव्हा माझे काम मोबाइलच्या इंटरनेटवर भागले.

सेवेचा खरा ऐवज म्हणजे वंशवृक्ष. आपल्या आकाशगंगेच्या तोलाचे, सुमारे एक लाख कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे प्रभामंडल निवडून मी ९९व्या, म्हणजे आजच्या, स्नॅपशॉटपासून मागे सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीच्या ३३व्यापर्यंत गेले, तेव्हा त्याला येऊन मिळालेल्या लहानमोठ्या शाखा एकेक करून सुट्या होत गेल्या. याच विश्वाची केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणारी 'डार्क' आवृत्तीही शेजारी ठेवता येते. लहान प्रभामंडले दोन्हींत भरपूर, पण मूळ आवृत्तीत तारे त्यांत फारच थोडे, कारण अतिनवताऱ्यांचे (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचे) झोत वायू बाहेर फेकतात. अतिशय मोठ्यांत हेच काम मध्यवर्ती कृष्णविवर करते.

एककांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. वस्तुमान ०.६७७४ने, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणाऱ्या h या गुणकाने, भागायचे राहिले की उत्तर एकतृतीयांशाने कमी येते. पहिला आठवडा मी त्यातच घालवला, आणि दोष माझाच, कारण माहितीपानावर ते स्पष्ट लिहिलेले आहे.

झोतांचे आणि कृष्णविवरांचे नियम प्रत्यक्ष निरीक्षणांशी जुळतील असे बेतलेले आहेत, हे देखण्या चित्रांपुढे विद्यार्थी विसरतात, म्हणून मी चित्रे शेवटी दाखवते. नवख्यांनी टीएनजी१००-३पासून, म्हणजे टीएनजी१००च्या सर्वांत ढोबळ आवृत्तीपासून, सुरुवात करावी. कण कमी, फायली लहान, आणि चुकल्यास पुन्हा मागवायला वेळ लागत नाही.