मीटरजवळचा पांढरा डबा आणि माझे ३३,५९० रुपये

वळीव तोंडावर आला की दारोदार ‘सर्ज प्रोटेक्टर’, म्हणजे विजेच्या झटक्यापासून घरातल्या वस्तू वाचवणारं यंत्र, विकणारे फिरायला लागतात. गळ्यात ओळखपत्र, हातात बिलबुक आणि दर दोन वाक्यांनी ‘वीज ऑफिस’चं नाव. असले लोक कसं गोड बोलतात हे कुणाला नव्यानं सांगायला नको. पण ते विकतात त्या डब्यात काय असतं आणि काय नसतं, हे सांगायलाच पाहिजे. माझ्याच गल्लीत अजून कितीतरी घरांत तो डबा हिरवा दिवा लावून बसलाय आणि घरची माणसं निर्धास्त आहेत.

कोल्हापूरच्या फुलेवाडीत आमची पिठाची गिरणी आणि चटणीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, आहे. ऐन हंगामात ते दोघं आले. दारात ब्याडगी-संकेश्वरी मिरचीच्या पिशव्या लागलेल्या, बायका नंबर लावून बसलेल्या, घरात मी एकटी. त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीत खांबावरची न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी) तुटून बऱ्याच घरांतले टीव्ही जळाले होते. ती बातमी त्यांना पक्की ठाऊक होती. “काकी, तिथं आमचं मशीन असतं तर एक बल्बसुद्धा गेला नसता.” बरोबर आणलेल्या पेटीवर दोन बल्ब होते. नॉब फिरवला, एक बल्ब फटकन उडाला, दुसरा जळत राहिला. बघणाऱ्या सगळ्या बायकांना पटलं. पेटी त्यांची, बल्ब त्यांचे, आतली वायरिंग त्यांची. आपल्या लाइनवर यातलं काहीच सिद्ध होत नाही.

किंमत ८,००० आणि १८ टक्के जीएसटीचे १,४४०, म्हणजे ९,४४० रुपये. वर ‘पाच लाखांचा विमा मोफत’ असा छापील कागद. पैसे फोनवरून दिले, तेव्हा स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. “मालकांचं खातं आहे,” त्यातला एक म्हणाला. छोट्या धंद्यात असं असतं, माझ्याही गिरणीचे पैसे माझ्याच नावावर येतात, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

पण जो क्षण आजही डोक्यातून जात नाही तो वायर जोडतानाचा. डब्यातून दोनच वायरी बाहेर आल्या होत्या, एक लाल आणि एक काळी. हिरवी नव्हती. गिरणीची मोटर बसवताना वायरमननं मला बजावून सांगितलं होतं, हिरवी म्हणजे अर्थिंगची, ती कधी सोडायची नाही. मी विचारलंसुद्धा, “हिरवी कुठाय?” तो स्क्रू पिळत होता, मान वर न करता म्हणाला, “हे डिजिटल आहे काकी, याला अर्थिंग लागत नाही.” तेवढ्यात डंकावरून हाक आली. हिरवा दिवा लागला आणि मी चटणीकडे गेले. प्रश्न मी बरोबर विचारला होता. खोटं उत्तर त्यानं दिलं. ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

पुढं एका संध्याकाळी वळीव आला, जवळच कुठंतरी वीज कडाडली आणि घरातलं सगळं एकदम गप्प झालं. फ्रीजचं कार्ड ६,८५० रुपये, टीव्हीचा बोर्ड ११,३५०, इन्व्हर्टर ४,३००, वायफायचा डबा १,६५०. एकूण २४,१५०. डब्याचे ९,४४० धरून ३३,५९०. डंकाची मोटर वाचली, कारण आभाळ भरून आल्यावर मी तिचा मेन पाडला होता. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लाइट आल्यावर पहिल्यासारखाच लागला.

आमच्या वायरमननं तो डबा ओट्यावर ठेवून उघडला. आत एक एलईडी, एक रेझिस्टर, एक काळा कपॅसिटर, आणि हातात जड लागावा म्हणून उरलेल्या जागेत सिमेंट ओतलेलं. मग त्यानं पिशवीतून खरी वस्तू काढून दाखवली. बटणाएवढी निळी चकती, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. नेहमीच्या २३० व्होल्टला ती गप्प बसते, दाब एकदम चढला की निमिषात वाट मोकळी करून तो जमिनीकडे सोडते. “वैनी, जमिनीकडं जाणारी वायरच नाही, तर सोडणार कुठं?”

त्यानं आणखी एक गोष्ट समजावली, आणि ती ऐकून माझा संताप दुप्पट झाला. विजेमुळे येणारा झटका सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता असतो. न्यूट्रल तुटते तेव्हा मात्र २३० च्या जागी जवळजवळ ४०० व्होल्ट घरात येऊ शकतात आणि दुरुस्ती होईपर्यंत तसेच राहतात. पहिल्याला एसपीडी, म्हणजे खरा सर्ज प्रोटेक्टर लागतो. दुसऱ्याला व्होल्टेज वाढल्यावर लाइन तोडणारा कटऑफ. खरा एसपीडीसुद्धा न्यूट्रल तुटल्यावर टिकत नाही, त्यातली चकती जळते. म्हणजे ज्या जळलेल्या टीव्हींची भीती घालून त्यांनी मला डबा विकला, त्या टीव्हींना खऱ्या मशीननंही वाचवलं नसतं!

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निवांत राहू नका. तो जादा लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. फ्रीजचा स्टॅबिलायझरही विजेच्या झटक्यापुढं फार मंद पडतो.

आता साहेब लोकांचं ऐका. वीज कंपनीच्या कार्यालयात म्हणाले, आम्ही कुणाला पाठवलं नाही. मग तेवढं लिहून द्या म्हटलं, तर लिहून देता येत नाही. माझ्या भागात त्यांच्या नावावर लोक घरोघर फिरतायत, निदान एक सूचना तरी लावा म्हटलं, तर अर्ज करा, आणि अर्ज घेणारे जेवायला गेलेले. पोलीस ठाण्यात म्हणाले, वस्तू घेतली, बिल आहे, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, आमच्याकडं बसत नाही. विम्याच्या कागदावर ज्या कंपनीचं नाव होतं तिनं असली पॉलिसीच नसल्याचं सांगितलं. बिलावरचा नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला, तर दुसऱ्याच कुणाचा निघाला. एवढं सगळं मी एकटीनं शोधून कागदासकट टेबलावर ठेवलं, तरी “बघतो” एवढंच. फसवणारे दहा मिनिटांत पैसे घेऊन जातात आणि फसलेल्या बाईला प्रत्येक खिडकीवर आपण मूर्ख नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. का? माझा कर घेताना कुणी म्हणतं का, आमच्याकडं बसत नाही?

म्हणून स्वतः वाचून गेले. ज्याला आपण ४२० म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. मी पाठवली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण मुदत दोन वर्षांची आहे.

दारावर विजेची वस्तू घेऊच नका. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. माझ्या डब्यावर शिक्का होता, नंबर नव्हता. आधी अर्थिंग तपासून घ्या, वायरमनकडून मीटर लावून. आमचं कधीचं तुटलेलं निघालं, आणि तसं असताना खरा एसपीडी लावूनही उपयोग नव्हता. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप विजेचा इशारा देतं. इशारा आला की प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. टीव्हीची केबल आणि इंटरनेटची वायरही काढा, झटका तिकडूनही येतो.

ज्यांच्या मीटरजवळ तो पांढरा डबा आहे त्यांनी मेन बंद करून वायरमनकडून तो काढून घ्यावा. फेकू नका. डबा, बिल आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. एकाच विक्रेत्यानं फसवलेल्यांना ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते, आणि माझे कागद तयार आहेत.