सशांच्या शेडसाठी गॅसची फ्लेम गन: नायट्याच्या साथीत वापरून पाहिलेली

पोल्ट्रीवाले बॅच गेल्यावर शेड जाळून घेतात ना, तीच गॅसवरची फ्लेम गन मी सशांच्या पिंजऱ्यांसाठी घेतली. ज्यांच्याकडे जाळीचे पिंजरे आहेत त्यांनी ती घ्यावीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं कराड तालुक्यात छोटं ससेपालन आहे. न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला, सगळे वेल्डमेशच्या पिंजऱ्यात. ऐन पावसाळ्यात पिल्लांच्या नाकाडावरचे आणि पापण्यांच्या कडेचे केस जायला लागले, खाली पांढुरक्या खपल्या. ओळखीचे एक जण म्हणाले, खरूज आहे, इंजेक्शन मारून टाका. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र आधी चट्ट्याच्या कडेची खपली आणि तुटके केस काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. किडा नव्हता, बुरशी होती. म्हणजे नायटा. खरजेचं आयव्हरमेक्टिन बुरशीला काहीही करत नाही, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. काही बुरशी वुड्स लॅम्पच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या निळसर दिव्याखाली चमकतात; पण चमकत नाही म्हणून नायटा नाही, असंही धरू नका. सशांत बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन ही बुरशी असते आणि ती त्या दिव्यात चमकत नाही.

औषध डॉक्टरांनीच ठरवलं. थोडे चट्टे असलेल्यांना भोवतीचे केस कातरून क्लोट्रिमॅझोलचं मलम, पातळ थर, चोळून जिरवायचं, नाहीतर ससा चाटून साफ करतो. अंगभर पसरलेल्यांना वजनावर इट्राकोनॅझोल. ग्रिझिओफुल्विन गाभण माद्यांना अजिबात द्यायचं नाही, पोटातल्या पिल्लांत व्यंग येतं.

औषधाने ससे सुधारतात, पण त्याच पिंजऱ्यात राहिले तर दुखणं फिरून येतं. कारण बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर आणि कोंड्यावर चिकटून राहतात आणि कोरड्या जागी वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतात. जाळीच्या सांध्यांकडे एकदा जवळून बघा. दोन तारा जिथे जुळतात तिथे केसांचा बारीक गुंता असतो, लेंडीचा चुरा आणि मुताचा क्षार बसून तो घट्ट होतो. ब्रशने घासलं की निम्मे केस हवेत उडतात आणि शेजारच्या पिंजऱ्यावर बसतात. नुसतं ब्लीच ओतलं तर ते घाणीतच वाया जातं. ज्योत फिरवली की गुंता चर्र करून जागेवर राख होतो, उडायला काही उरत नाही. जळक्या केसांचा वास मात्र दिवसभर नाकातून जात नाही.

आमची पद्धत अशी: ससे शेडबाहेर दूर न्यायचे. चारा, गोणपाट, पाणी पिण्याच्या निपलचे पाइप, प्लास्टिकचे ट्रे सगळं काढायचं, पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवायचं. ज्योत झरझर फिरवायची. एका जागी धरली तर जाळीवरचं जस्त जळतं, त्याचा धूर छातीला वाईट आणि पुढच्या पावसात जाळी गंजते. थंड झाल्यावर साबणाने धुऊन मग जमिनीला आणि ट्रेना पातळ केलेलं ब्लीच, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. वास असेपर्यंत ससे आत नाहीत, त्यांची नाकं फार नाजूक असतात.

माद्या ज्यात वितात त्या लाकडी पेट्यांवर ही गन मला पुरेशी वाटत नाही. फटींत केस राहतात आणि लाकूडच पेट घेतं. पिल्लं पेटीतच आईला चिकटून असतात, लागण तिथेच होते. जुन्या पेट्या मी सरळ जाळून टाकल्या, आता धुता येणारे प्लास्टिकचे क्रेट वापरते.

गनमुळे वेगळं ठेवण्याची शिस्त सुटत नाही, हेही सांगते. आधी निरोग्यांचं चारापाणी, आजाऱ्यांचं शेवटी, हातमोजे घालून. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, म्हणून नवीन ससा तेवढे दिवस तरी वेगळ्या जागी. साथ असताना मी पिल्लं विकली नाहीत. लोक ती लहान मुलांच्या मांडीवर देतात, आणि हा नायटा माणसाला सहज होतो. माझ्या जावेच्या मनगटावर लाल कडेचं गोल उठलंच. तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं माणसालाही लावू नका आणि सशालाही. खाज थांबते, वरून बरं दिसतं आणि बुरशी आत पसरत राहते.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो जड हँडलसाठी, वरच्या रांगेला मनगट भरून येतं. घेताना नळी लांब बघा, म्हणजे सिलेंडर शेडच्या दाराबाहेर ठेवता येतो. स्वयंपाकघरातला सिलेंडर जोडू नका, ते नियमातही बसत नाही. बाजारात मिळणारा पाच किलोचा छोटा सिलेंडर आमच्याएवढ्या शेडला पुरतो.